आधी पाणी की आधी पुस्तक?

गोव्यात धर्मांतरासाठी एक शब्द पिढ्यानपिढ्या चालत आला आहे: बाटणे. अमका गाव बाटला, तमक्या घराण्याची एक पाती बाटली, असे आपण सहज बोलून जातो. हा शब्द मागे राहिलेल्याचा आहे. त्यात विटाळ आहे, वियोग आहे आणि चारशे वर्षांचा राग आहे. ज्याच्या डोक्यावर पाणी पडले तो स्वतः हा शब्द वापरणार नाही. ज्या पाद्रीने ते पाणी ओतले त्याच्या डोक्यात तर तिसराच शब्द होता. तो शब्द म्हणजे 'तारण'.

गोव्याच्या धर्मांतराविषयी आपण पुष्कळ लिहितो. पाडलेली देवळे, परागंदा झालेले देव, इन्क्विझिशन यांविषयी अ. का. प्रियोळकरांनी कागदपत्रांच्या आधारे जे लिहून ठेवले आहे ते प्रत्येक गोमंतकीयाने वाचावे असेच आहे. पण एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. पाणी ओतणाऱ्यांना आपण नेमके काय करतो आहोत असे वाटत होते? माणूस तरतो तो कशाने? पाण्याने, चर्चने की स्वतःच्या मनाने? या प्रश्नावर ख्रिस्ती लोकांमध्ये कधीच एकमत नव्हते, आजही नाही. गेल्या काही दशकांत गोव्यात 'बिलिवर' म्हणून ओळखले जाणारे गट वाढले. त्यांच्यातला कोणी कॅथलिक शेजाऱ्याला विचारतो, "तुमचे तारण झाले आहे का?" शेजारी चिडतो. पंधरा पिढ्या इगर्जीत जाणाऱ्या माणसाला हा कसला प्रश्न! आपण हिंदू हे भांडण बाहेरून बघतो आणि आपला त्याच्याशी संबंध नाही असे समजतो. मला वाटते, संबंध आहे. गोव्याचा सोळाव्या शतकाचा इतिहास आणि मराठी वाङ्मयाचा एकोणिसाव्या शतकाचा इतिहास या दोहोंची एक किल्ली या भांडणात आहे.

'गोंयचो सायब' म्हणून ज्याची आपण ओळख सांगतो त्या फ्रान्सिस झेवियरपासूनच सुरुवात करू. तो ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. हातात घंटा घेऊन रस्त्यातून मुले गोळा करायची आणि त्यांना प्रार्थना पाठ करून घ्यायच्या ही त्याची रीत होती. पुढे तो दक्षिणेत मच्छीमारांच्या किनाऱ्यावर गेला. तिथून आल्यावर १५४४ च्या जानेवारीत कोचीनहून त्याने रोमला जे पत्र लिहिले ते युरोपभर गाजले. दिवसभर बाप्तिस्मा देऊन देऊन आपले हात गळून जातात, असे त्याने त्यात सांगितले आहे. वर्षभरानंतरच्या पत्रात त्रावणकोरच्या किनाऱ्यावर एका महिन्यात दहा हजारांहून अधिक लोकांना बाप्तिस्मा दिल्याचा उल्लेख आहे.

आज हे वाचताना आपल्याला नवल वाटते. महिन्यात दहा हजार माणसांना हा माणूस काय शिकवणार, आणि त्यांना काय समजणार? झेवियर अगदीच काही शिकवत नव्हता असे नाही. मतसाराचे एकेक कलम तो लोकांच्या भाषेत म्हणायचा, विश्वास आहे का असे विचारायचा आणि लोक छातीवर हातांची फुली करून हो म्हणायचे. पण त्याच्या घाईचे खरे कारण त्याच्या श्रद्धेत होते. चर्चच्या बाहेर तारण नाही, ही मध्ययुगीन शिकवण त्याने अक्षरशः धरली होती. जन्माला येणारे प्रत्येक मूल आदिमानवाच्या पापाचा वारसा घेऊन येते आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यानेच तो धुतला जातो. मग पाण्यावाचून मेलेल्याचे काय? बुडणाऱ्या माणसाला दोर टाकताना कोणी त्याची परीक्षा घेत बसत नाही. झेवियर ज्या घाईने फिरला ती बुडणाऱ्यांना ओढून काढणाऱ्याची घाई होती, निदान त्याच्या स्वतःच्या मनात तरी.

पण हीच श्रद्धा किती निष्ठुर होऊ शकते याचा दाखलाही त्याच्याच पत्रात सापडतो. १५४९ ते १५५१ या काळात तो जपानात होता. परत आल्यावर १५५२ च्या जानेवारीत लिहिलेल्या पत्रात त्याने एक हकीकत दिली आहे. जपानात जे लोक ख्रिस्ती झाले त्यांनी त्याला विचारले, आमच्या वाडवडिलांचे काय? ते तर हे काही न ऐकताच गेले. त्यांना तिथून सोडवता येणार नाही का? झेवियरने सांगितले, नाही. ते ऐकून लोक रडले आणि त्यांचे रडणे बघून आपल्यालाही वाईट वाटले, असे तो लिहितो. श्राद्धपक्ष पाळणाऱ्या, पितरांना पान वाढणाऱ्या आपल्यासारख्यांना तो प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. सासष्टीच्या आणि बार्देसच्या किती घरांत तो मनातल्या मनात विचारला गेला असेल! हा प्रश्न लक्षात ठेवावा. त्याचे उत्तर मिळायला चारशे वर्षे जावी लागली.

झेवियर १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्यालगत वारला. गोव्यात जी मोठी धर्मांतरे झाली ती बहुतेक त्याच्यानंतरची आहेत. इन्क्विझिशन आणावे अशी विनंती मात्र त्याने १५४६ मध्येच राजाला पत्रातून केली होती, हेही विसरता कामा नये. त्याच्यामागून जे आले त्यांच्या हातात घंटेऐवजी कायदे होते. १५५९ मध्ये निघालेल्या राजाज्ञेने आईबाप आणि आजीआजोबा नसलेली हिंदू मुले चर्चच्या स्वाधीन करून त्यांना बाप्तिस्मा देण्याची व्यवस्था झाली. १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. १५६७ मध्ये सासष्टीतली देवळे पाडली गेली.

त्याच १५६७ साली गोव्यात चर्चची पहिली प्रांतिक परिषद भरली. तिचे ठराव वाचताना मी थबकलो. त्यातला एक ठराव स्पष्ट सांगतो की कोणालाही धाक दाखवून वा जबरदस्तीने आमच्या धर्मात आणणे योग्य नाही. आणि त्याच परिषदेचे इतर ठराव मागतात काय, तर हिंदूंच्या सार्वजनिक पूजाअर्चांना बंदी, धर्म शिकवणाऱ्यांची हकालपट्टी, आणि हिंदूंना प्रवचन ऐकायला हजर राहण्याची सक्ती! एका हाताने सक्ती नाकारायची आणि दुसऱ्या हाताने माणसाच्या भोवतालच्या सगळ्या वाटा बंद करायच्या. हा केवळ ढोंगीपणा होता असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण त्यामागे एक धर्मशास्त्रीय पेचही होता. १५४७ च्या जानेवारीत ट्रेंटच्या धर्मसभेने ठरवले होते की कळत्या माणसाने देवाच्या कृपेला आपल्या खुशीने होकार द्यावा लागतो. म्हणजे सक्तीने दिलेला बाप्तिस्मा त्यांच्याच शास्त्राला मान्य नव्हता. पण पाण्यावाचून तारण नाही हेही त्यांचेच शास्त्र होते. या दोहोंत अडकलेल्या सत्तेने सोपी वाट काढली: माणसाला ढकलायचे नाही, पण त्याला उभे राहायला जागाच ठेवायची नाही.

आणि एकदा पाणी पडले की परतीची वाट बंद. हाही नियम फार जुना होता. सन ६३३ मध्ये स्पेनमधल्या तोलेदोच्या चौथ्या धर्मसभेने म्हटले होते की यापुढे कोणाला बळाने ख्रिस्ती करू नये, पण जे आधीच केले गेले आहेत त्यांनी ख्रिस्तीच राहिले पाहिजे. इन्क्विझिशनचा सारा कारभार मुख्यतः या दुसऱ्या अर्ध्यावर उभा होता. पाणी पडलेल्या माणसाच्या घरात जुने काय शिल्लक आहे ते शोधायचे. १७३६ च्या फर्मानात तर दारात तुळस लावणे आणि हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवणे यांनाही मनाई आहे! पौणेदोनशे वर्षांनंतरही भाताच्या मडक्यात डोकावून बघावे लागत होते, याचा अर्थ पाणी माणसाच्या मनापर्यंत पोचले आहे की नाही याची शंका पाणी ओतणाऱ्यांनाच होती.

या बदलांत माणसाचा स्वतःचा निर्णय कुठे होता? सरसकट उत्तर देता येत नाही. कोणी जमिनी राखण्यासाठी गेले, कोणी भीतीने, कोणी मनापासून. पुष्कळ ठिकाणी निर्णय एकट्याचा नव्हताच. गावकरी बसायचे, ठरवायचे आणि वाडाच्या वाडा जायचा. म्हणूनच जात बरोबर गेली, गावकरीचे हक्क बरोबर गेले आणि बामण, चारडो, सुदीर हे भेद इगर्जीतही राहिले. नाही म्हणण्याचा निर्णयही असाच गावाने घेतला. कुंकळ्ळीत १५८३ च्या जुलैत पाच जेझुइट मारले गेले. त्यांत अकबराच्या दरबारात राहून आलेला रुदोल्फ आक्वाविवा होता. पुढे कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले.

कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या त्या पाच जणांचे देह ताब्यात घेऊन त्यांचे दफन करण्यात ज्याचा हात होता तो सासष्टीतलाच एक इंग्रज जेझुइट होता. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. तो १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये इथेच वारला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ आहे. शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये त्याची देवनागरी आवृत्ती काढली. तीच मी प्रथम वाचली. मराठी भाषेविषयीचे त्यातले प्रेम आपण सगळेच कौतुकाने सांगतो. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो ग्रंथ सांगण्यामागचा प्रसंग. पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत असतो. तिथे एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण येतो आणि म्हणतो की तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, पण त्यांच्या जागी आम्हाला वाचायला काय दिलेत? या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुराण सुरू होते, वैकुंठासारखे ओळखीचे शब्द घेऊन.

या प्रश्नात गोव्याच्या धर्मांतराची सगळी क्रमवारी आली आहे. तो ब्राह्मण आधीच ख्रिस्ती आहे. पाणी पडून गेले आहे, जुनी पोथी हातातून गेली आहे आणि आता तो विचारतो आहे की आम्ही कशात आलो ते सांगा. आधी पाणी, मग पुस्तक. स्टीफन्सचे मोठेपण असे की त्याने हा प्रश्न उद्धटपणाचा मानला नाही. तो रास्त आहे असे मानून त्याने अकरा हजार ओव्यांचे उत्तर दिले. समज मागून का होईना, पण यायला हवी, हे त्याने ओळखले होते.

इथे क्रिस्तपुराण लिहिले जात होते त्याच्या आधीपासूनच युरोपात हा क्रम उलटा करण्यासाठी माणसे मरत होती. लूथरने १५१७ पासून जे वादळ उठवले त्याचा गाभा हा की माणूस तरतो तो विश्वासाने, चर्चच्या व्यवहाराने नव्हे. पण लूथर आणि त्याच्या मागोमाग आलेले बहुतेक सुधारक तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतच राहिले. झ्यूरिकमध्ये काही तरुणांनी विचारले, विश्वासानेच तारण असेल तर ज्या तान्ह्याला विश्वास म्हणजे काय हे कळत नाही त्याच्यावर पाणी कशाला? १५२५ मध्ये त्यांनी मोठ्या वयात, स्वतःच्या निर्णयाने, पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला १५२७ च्या जानेवारीत झ्यूरिकच्या नदीत बुडवून मारले. मारणारे कॅथलिक नव्हते, प्रॉटेस्टंटच होते. पाण्याविषयी मतभेद झाला म्हणून पाण्यातच शिक्षा!

मग दुसरा वाद आला. विश्वास ठेवायचा निर्णय तरी माणसाचा असतो का? कॅल्विनच्या अनुयायांचे म्हणणे होते की कोण तरणार हे देवाने आधीच ठरवले आहे. आर्मिनियसच्या अनुयायांचे म्हणणे होते की देव हाक मारतो, पण ओ देणे वा न देणे माणसाच्या हाती आहे. १६१८-१९ मध्ये हॉलंडमध्ये डॉर्टच्या धर्मसभेत पहिला पक्ष जिंकला. हा वाद पुस्तकी वाटतो, पण धर्मप्रसाराचे सगळे यावरच अवलंबून. देवाने आधीच निवड केली असेल तर परदेशी जाऊन उपदेश कशाला करायचा? इंग्लंडमधल्या काही बॅप्टिस्टांचे खरोखर तसेच मत झाले होते. अँड्र्यू फुलरने १७८५ मध्ये आणि विल्यम केरीने १७९२ मध्ये त्याविरुद्ध लिहिले, की निवड देवाची असली तरी हाक सर्वांना पोचवणे हे आपले काम आहे. हा केरी म्हणजेच श्रीरामपूरचा केरी, ज्याने पंडितांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठी व्याकरण छापले आणि ज्याच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला. डॉर्टच्या वादाची एक शाखा अशी थेट मराठी मुद्रणाच्या इतिहासात येऊन पोचते.

म्हणजे इंग्रजी अमलाखालच्या मराठी मुलुखात ख्रिस्ती धर्म आला तो उलट्या क्रमाने: आधी पुस्तक, शाळा, नियतकालिक, पाणी शेवटी. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे केलेले अमेरिकन मिशनरी ज्या परंपरेतले होते, तीत माणसाच्या अंतःकरणात पालट झाल्याची खूण दिसल्याशिवाय त्याला मंडळीत घेत नसत. पहिली कित्येक वर्षे त्यांच्याकडे आलेले लोक बोटांवर मोजण्याइतके होते. झेवियरच्या एका दुपारइतकेही नाहीत!

या क्रमाने गेलेल्यांपैकी पहिले मोठे मराठी नाव आपल्या शेजारच्या बेळगावचे आहे. बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावात जन्मले, मिशनच्या शाळांत शिकले, परमहंस सभेत वावरले आणि १८५४ मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'यमुनापर्यटन' लिहिणारे ते हेच. त्यांचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र म्हणजे होय-नाहीच्या हेलकाव्यांचीच कथा आहे. पुस्तके वाचायची, पटायचे, आईवडिलांचा चेहरा आठवायचा, मागे फिरायचे, पुन्हा वाचायचे. गोव्यातल्या सोळाव्या शतकातल्या कोणा ख्रिस्ती झालेल्याचे असे आत्मचरित्र आपल्याजवळ नाही. ज्याला निर्णय घ्यावा लागतो तोच आत्मचरित्र लिहितो.

नारायण वामन टिळकांची गोष्ट तर मराठी वाचकाला तोंडपाठ असते. १८९३ मध्ये आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी एका भारतीय पाळकाच्या हातून बाप्तिस्मा घेतला. आधी पुस्तक, मग पाणी. पण या क्रमाचीही किंमत असते आणि ती दुसराच कोणी मोजतो. निर्णय टिळकांचा होता, लक्ष्मीबाईंचा नव्हता. गोव्यात घरेच्या घरे एकत्र गेली म्हणून निदान चूल एक राहिली. इथे चूल मोडली. काही वर्षे नवराबायको दूर राहिली. पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या त्या आपले सोवळे, आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवून. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. जात माणसाने केली की देवाने, याचा विचार करत लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे आपणच सोडले आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'तला तो भाग मी अनेकदा वाचला आहे. बाई इतक्या हसत हसत सांगतात की आपण त्या किती एकट्या होत्या ते विसरतो.

पंडिता रमाबाईंची वाट या दोन्ही क्रमांत बसत नाही, आणि म्हणून मला ती सर्वांत बोलकी वाटते. विधवा झालेल्या रमाबाई १८८३ मध्ये लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता प्रश्न संपला असे त्यांच्या गुरूभगिनी सिस्टर जेराल्डीन यांना वाटले. तिथूनच तो सुरू झाला. त्रैक्याचे तत्त्व, येशूचे देवत्व, धर्मगुरूंचा अधिकार, प्रत्येक गोष्टीवर रमाबाई पत्रातून वाद घालू लागल्या. जेराल्डीन यांचे म्हणणे, चर्चने शिकवावे आणि शिष्येने नम्रपणे घ्यावे. रमाबाईंचे म्हणणे, पुरोहितांच्या एका जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता दुसरे मानेवर का घेऊ? मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. गोव्याचे पाद्री आणि सासष्टीतला तो ब्राह्मण यांच्यात असा पत्रव्यवहार होऊ शकला असता तर तो कसा झाला असता, असे तो वाचताना मनात येते.

पुढे १८९१ च्या सुमारास रमाबाईंना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. 'अ टेस्टिमनी' या १९०७ च्या आत्मकथनात त्यांनी हे सांगितले आहे. त्यांच्यावर परिणाम झाला तो विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज धर्मगुरूच्या आत्मकथेचा. हा गृहस्थ स्वतः पाद्री असताना, व्यासपीठावर प्रवचन करता करताच त्याचे मन पालटले! म्हणजे बाप्तिस्मा होऊन आठ वर्षे झालेल्या बाईने पुन्हा निर्णय घेतला. जेराल्डीन यांच्या दृष्टीने तारणाचे काम १८८३ मध्ये पाण्याने झाले होते. रमाबाईंच्या दृष्टीने ते १८९१ मध्ये झाले, पाण्यावाचून. दोघी एकाच चर्चच्या, दोघींचे एकमेकींवर प्रेम, आणि तारण कधी झाले यावर एकमत नाही.

रमाबाईंच्या धर्मप्रसाराविषयीही तसेच. १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन काढले ते धर्म शिकवणार नाही या अटीवर. काही ख्रिस्ती हितचिंतकांना हे पटले नाही. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसू लागल्या तेव्हा १८९३ मध्ये पुण्यात गहजब झाला आणि रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचे म्हणणे असे की मी सक्ती करणार नाही, पण माझ्या खोलीचे दारही बंद करणार नाही. दार उघडे ठेवणे हा प्रचार की नाही? हा प्रश्न आजही कोर्टकचेऱ्यांत फिरतो आहे.

टिळक शेवटी याच्याही पुढे गेले. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे सांगणाऱ्या या कवीने १९१७ मध्ये मिशनचे काम सोडले आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले आणि दरबारही फार टिकला नाही. पण पाण्याशिवायही शिष्य होता येते, हे एका मराठी ख्रिस्ती माणसाने तेव्हा म्हणून ठेवले.

मग एकट्याचा निर्णय तेवढा खरा आणि गावाचा खोटा असे म्हणायचे का? प्रॉटेस्टंट मिशनरींनाही हा प्रश्न सोडवता आला नाही. एकेक माणूस पारखून घेणाऱ्या त्यांच्या दारी दुष्काळानंतर अस्पृश्य वस्त्याच्या वस्त्या येऊन उभ्या राहिल्या. हे पोटासाठी आले की देवासाठी? जे. वॉस्कम पिकेट यांनी १९३३ मध्ये भारतातल्या अशा सामुदायिक धर्मांतरांवर पुस्तक लिहिले आणि सांगितले की समूहाने घेतलेला निर्णय हाही निर्णयच. मध्य प्रदेशात दमोहला जन्मलेल्या डोनाल्ड मॅकगाव्हरन यांनी १९५५ मध्ये तोच धागा पुढे नेला. त्याच काळात अमेरिकेत बिली ग्रॅहम लाखो लोकांना एकेकट्याने पुढे येऊन निर्णय घ्यायला सांगत होते. मला पिकेट यांचे म्हणणे अर्धे पटते. गावकरीत वाढलेल्या माणसाला 'मी' वेगळा आणि 'आम्ही' वेगळे असे तोडता येत नसे. पण समूहाच्या निर्णयालाही एक अट हवी, नाही म्हणण्याची सोय. अहमदनगरच्या महारवाड्यात ती होती, उपासमारीच्या छायेत का होईना. कुंकळ्ळीत ती नव्हती.

आणि जपानी लोकांचा तो प्रश्न? १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने म्हटले की ज्यांच्यापर्यंत शुभवर्तमान त्यांचा दोष नसताना पोचले नाही, पण जे सद्बुद्धीने देवाचा शोध घेत जगतात, त्यांनाही तारण मिळू शकते. ७ डिसेंबर १९६५ रोजी त्याच परिषदेने धर्माच्या बाबतीत कोणावरही कोणत्याही सत्तेने जबरदस्ती करता कामा नये हे माणसाच्या प्रतिष्ठेचे तत्त्व म्हणून मांडले. १५६७ च्या गोव्याच्या ठरावातले अर्धे वाक्य असे चार शतकांनी पूर्ण झाले. सगळ्या ख्रिस्ती लोकांना हे मान्य आहे असे नाही. दारावर येऊन तारणाची चौकशी करणाऱ्या आपल्या बिलिवर बंधूला व्हॅटिकनचे हे म्हणणे पटणार नाही. झेवियरची तळमळ आज खरे तर त्याच्यातच उतरली आहे, फक्त पाण्याच्या जागी त्याने निर्णय ठेवला आहे.

हा सगळा पसारा गोमंतकीय मराठी वाचकापुढे मांडायचे कारण एकच. सक्तीविषयीचा आपला राग न्याय्य आहे आणि तो विसरावा असे मी म्हणणार नाही. पण तो राग नेमका कशाविषयी आहे हे आपण ठरवले पाहिजे. माणसाला स्वतः ठरवू दिले नाही म्हणून राग असेल, तर रमाबाईंना आणि टिळकांना 'बाटले' म्हणून ज्यांनी वाळीत टाकले त्यांच्याविषयीही तो वाटला पाहिजे. त्यांनी तर स्वतःच ठरवले होते, वाचून, वाद घालून, किंमत मोजून. तिथेही आपल्याला राग त्यांचाच येत असेल, तर मग सक्ती हे आपले खरे दुखणे नव्हे. मग माणूस आपल्या हातून गेला एवढेच दुखणे आहे, आणि ते दुखणे १७३६ मध्ये भाताची मडकी तपासणाऱ्यांचेही होते.

माझ्या घरी क्रिस्तपुराण आणि स्मृतिचित्रे ही दोन पुस्तके एकाच फळीवर आहेत. ती एकापाठोपाठ वाचावीत अशी माझी वाचकांना विनंती आहे. एकात पाणी पडून गेल्यावर विचारलेला प्रश्न आहे आणि दुसऱ्यात पाण्यापर्यंत पोचायला एका बाईला लागलेली वर्षे आहेत. दोन्ही मराठीत आहेत, दोन्ही आपलीच आहेत.